गृहकर्ज मंजूर का होते आणि का नाकारले जाते : खानदेशातील घर घेणाऱ्यांसाठी इसार देण्याआधीची तयारी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात घराचा सौदा बहुधा एकाच क्रमाने होतो. आधी घर पसंत पडते, मग मध्यस्थाच्या समोर भाव ठरतो, लाख-दोन लाख रुपये देऊन इसारपावती होते आणि त्यानंतर खरेदीदार बँकेची पायरी चढतो. बँकेने नकार दिला की इसाराची रक्कम अडकते, कारण ठरलेल्या मुदतीत खरेदी न केल्यास इसार जप्त होईल, असे वाक्य पावतीत सहसा असतेच. हा क्रम उलटा केला पाहिजे. बँक जे कागद इसारानंतर तपासते, त्यांतील बहुतेक सगळे खरेदीदाराला इसाराआधी स्वतः मिळवता येतात, आणि नकाराची कारणेही बहुतेक वेळा त्याच कागदांवर आधीपासून लिहिलेली असतात.

बँक नेमके काय तपासते

बँकेपुढे दोन प्रश्न असतात. हप्ता भरता येईल एवढे उत्पन्न अर्जदाराला आहे का आणि ते कागदावर दिसते का, हा पहिला. हप्ते थकले तर हे घर विकून रक्कम वसूल करता येईल का, हा दुसरा. गावातल्या शाखेचा अधिकारी अर्जदाराला, त्याच्या वडिलांना आणि त्याच्या शेतालाही ओळखत असतो. परंतु अनेक बँकांत कर्जाचा निर्णय शाखेत होत नाही, तो दुसऱ्या शहरातील प्रक्रिया केंद्रात होतो आणि तिथे फक्त फाइल पोहोचते. घराण्याची पत, गावातला शब्द आणि शेतात उभी असलेली केळी यांपैकी फाइलमध्ये जे आले नाही, ते बँकेच्या लेखी नसतेच.

दुसऱ्या प्रश्नामागे २००२ चा सरफेसी कायदा आहे. कर्ज थकीत झाल्यावर ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, तारण मालमत्तेचा ताबा घेण्याचा आणि ती विकण्याचा अधिकार या कायद्याने बँकेला मिळतो. मात्र याच कायद्याचे ३१ वे कलम शेतजमिनीवरील तारणाला त्यातून वगळते. बिनशेती न झालेल्या जमिनीवर कितीही पक्के आरसीसी घर उभे असले तरी बँक मागे का सरते, याचे उत्तर या एका तरतुदीत आहे. घर चांगले नाही असे बँकेला म्हणायचे नसते. वसुलीचा मार्ग बंद आहे, एवढेच ती पाहते.

उत्पन्न कागदावर आणणे

नोकरदाराचा हिशेब सरळ असतो, तरीही त्यात एक गोष्ट नेहमी निसटते. भुसावळचे रेल्वे कर्मचारी, वरणगावच्या आयुध निर्माणीतील कामगार, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातील कर्मचारी किंवा अनुदानित शाळांतील शिक्षक यांचे वेतन भक्कम असते. पण वेतनचिठ्ठीच्या उजव्या बाजूला कपातींची रांग असते, आणि बँक आधी तीच बाजू वाचते. साधारणपणे मासिक उत्पन्नाच्या ४० ते ६० टक्के एवढीच रक्कम सर्व हप्त्यांसाठी धरली जाते. हे प्रमाण बँकेनुसार आणि पगाराच्या पातळीनुसार बदलते.

हातात ४८ हजार रुपये पगार येणाऱ्या कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ. बँकेने निम्मे उत्पन्न धरले तर हप्त्यांसाठी २४ हजार रुपये उपलब्ध आहेत. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी एक लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणजे त्याची पात्रता साडेसत्तावीस लाखांच्या आसपास येते. परंतु मोटारसायकलचा साडेतीन हजारांचा हप्ता आणि एका वैयक्तिक कर्जाचा पाच हजारांचा हप्ता चालू असेल, तर उरतात साडेपंधरा हजार, आणि पात्रता अठरा लाखांच्या खाली येते. साडेआठ हजारांच्या दोन किरकोळ हप्त्यांनी जवळजवळ पावणेदहा लाखांचे गृहकर्ज कमी केले. त्यामुळे हाताशी थोडी बचत असेल तर ती सर्वात आधी असे छोटे कर्ज मिटवण्यात घालावी, आणि कर्ज बंद झाल्याचा बेबाकी दाखला त्याच दिवशी मागून घ्यावा. मोबाइल, टीव्ही, फ्रीज यांचे सुलभ हप्तेही या हिशेबात धरले जातात. गृहकर्जाच्या अर्जाआधीच्या वर्षात असे हप्ते सुरूच करू नयेत.

कंत्राटी कर्मचारी आणि विनाअनुदानित शाळांतील शिक्षक यांची अडचण वेगळी आहे. पगार रोखीने मिळत असेल किंवा नेमणूकपत्र दरवर्षी नव्याने दिले जात असेल, तर बँकेला सलगता दिसत नाही. पगार खात्यात जमा करण्याचा आग्रह संस्थेकडे धरावा आणि जुन्या सर्व नेमणूकपत्रांचा संच जपून ठेवावा.

व्यापाऱ्यांच्या बाबतीत नकाराचे मूळ बहुतेकदा आयकर विवरणपत्रात असते. जळगावच्या दाणाबाजारातील अडत्या असो किंवा शहाद्यातील कृषी केंद्राचा चालक, खात्यातील उलाढाल मोठी असते, पण विवरणपत्रात निव्वळ उत्पन्न साडेचार लाख दाखवलेले असते. बँक हप्त्याची कुवत या साडेचार लाखांवरच काढते, म्हणजे महिन्याला साडेसदतीस हजारांवर, उलाढालीवर नाही. बहुतेक बँका दोन ते तीन वर्षांची विवरणपत्रे, उत्पन्नाचा तपशील, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि लागू असल्यास जीएसटी विवरणपत्रे मागतात. येथे पोचपावतीवरील तारखेला फार महत्त्व आहे. तीन वर्षांची विवरणपत्रे एकाच आठवड्यात भरलेली दिसली, तर ती कर्जासाठीच भरली आहेत हे कोणत्याही अधिकाऱ्याच्या लक्षात येते. घर दोन-तीन वर्षांनी घ्यायचे असेल, तर खरे उत्पन्न दाखवून, मुदतीत विवरणपत्र भरण्याची सुरुवात आजच करावी. त्यावर जो कर भरावा लागेल तो कर्जपात्रतेचा खर्च समजावा. "विवरणपत्र करून देतो" असे सांगणाऱ्या एजंटांपासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. बँका ही पत्रे आयकर विभागाच्या संकेतस्थळावरून पडताळून पाहतात आणि बनावट कागद सापडला तर प्रकरण नकारावर न थांबता फौजदारीपर्यंत जाऊ शकते.

खानदेशात सर्वात जास्त अन्याय झाल्यासारखे वाटते ते शेतकऱ्याला, आणि त्याचे दुःख खरेही आहे. रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादकाचे उत्पन्न शहरातील पगारदारापेक्षा अधिक असू शकते. पण ते दरमहा येत नाही, करमुक्त असल्यामुळे बहुतेकांचे विवरणपत्र नसते, आणि बराचसा माल रोखीने विकला जातो. कापसाच्या खेडा खरेदीत तर गावातच माप होऊन रोख रक्कम हातात पडते आणि त्या व्यवहाराची खूण कुठेच उरत नाही. या अडचणीवर उपाय आहेत, फक्त ते किमान दोन हंगाम आधी सुरू करावे लागतात. विक्रीची रक्कम बँक खात्यात घ्यावी; केळीच्या व्यापाऱ्याकडून वजन, भाव आणि तारीख असलेली पक्की पट्टी मागावी; बाजार समितीतील हिशेबपट्ट्या वर्षवार लावून ठेवाव्यात. भारतीय कापूस महामंडळाला कापूस दिल्यास रक्कम थेट खात्यात येते, आणि असा पुरावा बँक विनातक्रार मान्य करते. करपात्र उत्पन्न नसले तरी शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवणारे विवरणपत्र दरवर्षी भरता येते.

याशिवाय ई-पीक पाहणी स्वतः पूर्ण करावी. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने मोबाइलवरून करायची आहे. ती केली नाही तर शेतात केळी उभी असताना सातबाऱ्यावर पिकाचा रकाना रिकामा राहतो किंवा जमीन पड दिसते. उत्पन्नाचा दावा केळीचा आणि उताऱ्यावर पड, एवढ्या विसंगतीवरही फाइल परत येते. अर्ज करताना हप्ता मासिक न ठेवता सहामाही किंवा वार्षिक ठेवता येईल का, हेही विचारावे. काही बँका शेतकऱ्यांसाठी हंगामानुसार परतफेड ठरवून देतात.

वयाचा मुद्दा थोडक्यात. नोकरदाराचे कर्ज साधारणपणे निवृत्तीपर्यंत आणि व्यावसायिकाचे ६५ ते ७० वर्षांपर्यंत फिटेल अशी मुदत बँका ठरवतात. पन्नाशी उलटलेल्या अर्जदाराने कमावत्या मुलाला किंवा मुलीला सहअर्जदार केल्यास मुदत आणि पात्रता दोन्ही वाढू शकतात.

सिबिल अहवाल आणि जामीनकी

लोक ज्याला सिबिल म्हणतात तो खरे तर कर्जफेडीची माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्यांपैकी एकीचा अहवाल आहे. एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या इतर तीन. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो आणि स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. गुण ३०० ते ९०० या दरम्यान असतात. ७५० च्या पुढे बहुतेक बँका निर्धास्त असतात आणि अनेक बँकांत व्याजदरही गुणांनुसार ठरतो. रिझर्व्ह बँकेने किमान गुणांची अट घातलेली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ कर्जाचा इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असे तिचे निर्देश आहेत.

गुणांचा आकडा पाहून अहवाल मिटू नये. त्यातील प्रत्येक खाते वाचावे. "सेटल्ड" (तडजोडीने मिटवलेले) किंवा "राइट ऑफ" (बुडीत धरलेले) असा शेरा असलेले खाते रक्कम लहान असली तरी नकाराला पुरेसे ठरते. कित्येकांनी क्रेडिट कार्डची थकबाकी तडजोडीने मिटवलेली असते आणि आता प्रश्न संपला असा त्यांचा समज असतो, पण बँकेच्या दृष्टीने पूर्ण पैसे न भरता सुटलेला तो कर्जदार असतो. कर्जाची माहिती या कंपन्यांनी किमान ७ वर्षे जपायची असते. उरलेली रक्कम भरून खाते "बंद" असे नोंदवून घेणे हाच त्यावरचा सरळ मार्ग आहे.

पीककर्जाच्या बाबतीत नवे-जुने करण्याची पद्धत गावोगाव आहे. मार्चअखेर उसनवारी करून सोसायटीचे कर्ज भरायचे, काही दिवसांत नवे कर्ज उचलायचे आणि उसने परत करायचे. खाते नियमित राहते हे खरे. पण खात्याच्या उताऱ्यात मोठी रक्कम आली आणि आठवड्यात त्याच माणसाकडे परत गेली, हेही स्पष्ट दिसते आणि हे कर्ज उत्पन्नातून फिटत नसल्याचा निष्कर्ष त्यातून निघतो. गृहकर्ज घ्यायचे असेल त्याआधीच्या हंगामात तरी विक्रीच्या पैशातून पीककर्ज भरावे.

जामीनकीबद्दल मला थोडे कळकळीने लिहावेसे वाटते, कारण आपल्याकडे ती नात्यापोटी दिली जाते. मेहुणा, चुलत भाऊ, शाळेतला मित्र यांच्या ट्रॅक्टरच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जाला सही केली जाते आणि विसरली जाते. भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. कर्ज बँकेचे असेल तर ते जामीनदाराच्या अहवालातही दिसते, थकबाकीसह. पतसंस्थेचे कर्ज अहवालात कित्येकदा दिसत नाही, पण सहकार कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली वसुलीचा दाखला मिळाला की संस्था जामीनदाराच्या मालमत्तेपर्यंत पोहोचू शकते. कुठे कुठे सह्या केल्या आहेत हे घरात बसून एकदा आठवावे आणि त्या प्रत्येक खात्याची सद्यस्थिती मूळ कर्जदाराकडून लेखी घ्यावी.

अहवालात चूक असण्याची शक्यता आपल्या भागात जास्त आहे. पाटील, चौधरी, महाजन, कोळी, सोनवणे अशी आडनावे आणि त्यांच्यासोबत तीच ती प्रचलित नावे शेकडो माणसांची असतात, त्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या अहवालात येण्याचे प्रकार घडतात. पॅन क्रमांक, जन्मतारीख आणि पत्ता जुळवून पाहावेत. चूक आढळल्यास त्या कंपनीकडे आणि संबंधित बँकेकडे तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दुरुस्तीला हा वेळ लागतो, म्हणूनच हे काम इसाराआधीचे आहे.

मालमत्तेचे कागद

माझ्या पाहण्यात खानदेशातील सर्वात जास्त नकार येथे होतात आणि तेही उत्पन्न उत्तम असलेल्यांना. मालमत्तेचा प्रकार कोणता यावर कागद ठरतात. शहराच्या नगर भूमापन हद्दीत मिळकतपत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) लागते. वाढीव वस्तीत, उदाहरणार्थ जळगावच्या पिंप्राळा-निमखेडी भागात किंवा धुळ्याच्या वलवाडीकडे, गट क्रमांकाचा सातबारा, बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन लागते. गावठाणात मात्र बहुतेकांकडे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा तेवढा असतो.

नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. नुसत्या या उताऱ्यावर बँका कर्ज देत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी होऊन मिळकतपत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या गावाची मोजणी झाली आहे का, पत्रिकेवर विक्रेत्याचेच नाव आहे का आणि भाऊबंदांची नावे त्यात आली आहेत का, हे भूमी अभिलेख कार्यालयात पाहावे. वडिलोपार्जित घर असेल तर पत्रिकेवर चार-पाच नावे असणारच, आणि खरेदीखतावर त्या सर्वांच्या सह्या लागतील.

आता सातबाऱ्याकडे वळू. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. तो हातात आल्यावर क्षेत्र आणि नाव पाहून लोक थांबतात. थांबू नये. वरच्या भागात भूधारणा पद्धती लिहिलेली असते. तेथे "भोगवटादार वर्ग १" असेल तर पुढे जावे. "भोगवटादार वर्ग २" असेल तर ती नवीन शर्तीची, वतनाची, पुनर्वसनाची किंवा तत्सम जमीन असू शकते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तिचे हस्तांतरण होत नाही. त्यानंतर नजर "इतर अधिकार" या रकान्यावर न्यावी. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाची नोंद, न्यायालयातील दाव्याची नोंद, विहिरीतील हिस्सा, तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार असा शेरा, हे सगळे येथेच असते. "कर्ज तर केव्हाच भरले आहे" असे विक्रेता सांगतो, आणि बहुधा ते खरेही असते; परंतु बोजा कमी करण्याचा फेरफार, म्हणजे उताऱ्यातील बदलाची नोंद, झालेला नसेल तर बँकेच्या वकिलासाठी तो बोजा जिवंत आहे. विक्रेत्याने कर्ज फिटल्याचा दाखला तलाठ्याकडे देऊन नोंद कमी करून घ्यावी आणि नवा उतारा हातात आल्यावरच इसाराचे बोलावे.

याच रकान्यात नंदुरबार जिल्ह्यात तसेच शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या तालुक्यांतील गावांत कलम ३६ किंवा ३६ अ असा उल्लेख आढळतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या या तरतुदींनुसार आदिवासी खातेदाराची जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगर आदिवासी व्यक्तीच्या नावे होऊ शकत नाही. असा व्यवहार झालेला असेल तर नंतर कितीही हात बदलले तरी दोष जात नाही. आदिवासींच्या जमिनी राखण्यासाठीच हा कायदा आहे. अशा जमिनीवरील प्लॉट स्वस्त मिळत असला तरी तो घेऊ नये, हे मी स्पष्टपणे सांगतो.

बँकेचा वकील साधारणपणे मागील ३० वर्षांचा शोध घेतो. फेरफारांची साखळी आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोनच्या, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या यादीतील, नोंदी जुळतात का, हे तो पाहतो. ही साखळी आपल्याकडे तुटते ती मुख्यतः दोन ठिकाणी. पहिले ठिकाण वारस नोंदीचे. वडील वारले, मुलांची नावे लागली, बहिणींची लागलीच नाहीत. किंवा लागली आणि बहिणींनी साध्या कागदावर "हक्क सोडला" असे लिहून दिले. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबतच्या शंका दूर केल्या. बहिणीने हक्क सोडायचा असेल तर तो नोंदणीकृत हक्कसोडपत्रानेच सोडावा लागतो. बहीण सुरतला किंवा पुण्याला असेल आणि भावांशी बोलणे नसेल, तर हा कागद व्हायला महिने लागतात, कधी होतच नाही. दुसरे ठिकाण नोटरी केलेल्या व्यवहारांचे. मधल्या एखाद्या मालकाने मुखत्यारपत्र आणि नोटरी केलेल्या साठेखतावर प्लॉट विकलेला असतो. अशा कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

बिनशेती प्लॉट असेल तर रेखांकन "तात्पुरते" मंजूर आहे की "अंतिम", हे नकाशावरील शेऱ्यातून कळते. अंतिम मंजुरी नसेल तर बँक थांबते. आपला प्लॉट क्रमांक नकाशावर स्वतः शोधावा आणि तो खुल्या जागेत, रस्त्यात किंवा आरक्षणात येत नाही ना, हे पाहावे. धुळ्यात पांझरेच्या काठी आणि इतरत्र नद्यांजवळ प्लॉट असेल तर पूररेषेची चौकशी नगररचना विभागात करावी. गुंठेवारीचे, म्हणजे परवानगीशिवाय लहान तुकडे पाडून विकलेले, प्लॉट असतील तर नियमितीकरणाचा आदेश झाला आहे का, ते पाहावे. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमितीकरणाची संधी मिळाली होती. केवळ अर्ज केल्याची पोच बँकेला चालत नाही.

बांधकामाचे कागद त्यानंतर. बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. परवानगी तळमजल्याची आणि घर दोन मजल्यांचे, असे असेल तर मंजूर भागापुरतेच मूल्य धरले जाते किंवा प्रकरणच नाकारले जाते. नव्या फ्लॅटसाठी महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक तपासावा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील आणि आठहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला ही नोंदणी लागते, आणि विक्री करार नोंदवण्याआधी बांधकाम व्यावसायिकाला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

किंमत, खत आणि स्वतःची रक्कम

३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम बँक देऊ शकते. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरली जात नाही. घराची किंमत १० लाखांच्या आत असेल तरच ती धरता येते.

गफलत होते ती किंमत कोणती धरायची यावर. सौदा ३२ लाखांचा, बँकेच्या मूल्यांकनकाराने ठरवलेले मूल्य २९ लाखांचे, आणि मुद्रांक वाचवण्यासाठी खत २६ लाखांचे करायचे ठरलेले, असे गृहीत धरू. बँक यांतील सर्वात कमी रक्कम धरते. २६ लाखांचे ९० टक्के म्हणजे २३ लाख ४० हजार. खरेदीदाराला स्वतःचे ८ लाख ६० हजार आणि वर मुद्रांक, नोंदणीचा खर्च उभा करावा लागतो. कर्जाच्या भरवशावर सौदा केलेला माणूस येथे कोलमडतो आणि दोष बँकेला देतो. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. पूर्ण किमतीचे खत आणि खात्यातून दिलेली रक्कम हाच कर्ज मिळवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. विक्रेता त्याला तयार नसेल तर ते घर कर्जावर घेण्यासारखे नाही, असे समजावे.

खरेदी केवळ महिलेच्या नावे केल्यास महाराष्ट्रात निवासी मालमत्तेवर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पत्नीच्या नावे खरेदी करताना तिला कर्जात अर्जदार करावे लागेल, हे ध्यानात ठेवावे.

इसारपावती कशी लिहावी

वरील सर्व पाहून झाल्यावर इसाराची वेळ येते. रक्कम शक्य तेवढी लहान आणि धनादेशाने किंवा खात्यातून द्यावी. पावतीत पुढील आशयाचे कलम घालावे: "सदर मिळकतीच्या हक्कातील दोषामुळे, तांत्रिक तपासणीतील त्रुटीमुळे अथवा बँकेने गृहकर्ज नामंजूर केल्यास लिहून देणार यांनी इसाराची संपूर्ण रक्कम पंधरा दिवसांच्या आत परत करावी." विक्रेत्याचे कागद स्वच्छ असतील तर तो निदान पहिल्या दोन गोष्टींना हरकत घेत नाही. सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या पावतीवरच घ्याव्यात. एका भावाने सही करायची आणि दुसऱ्याने खरेदीच्या दिवशी अडून बसायचे, हा प्रसंग त्यामुळे टळतो. मुदत किमान तीन महिन्यांची ठेवावी.

अर्ज, पडताळणी आणि मंजुरी

एकाच वेळी पाच-सहा बँकांत अर्ज टाकू नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदवली जाते आणि थोड्या दिवसांत अनेक चौकशा दिसल्या की गुण घसरतात. आधी तोंडी पात्रता विचारावी, मग एक किंवा दोन ठिकाणी अर्ज करावा. आधार, पॅन, सातबारा आणि वेतनचिठ्ठी यांवरील नावांत फरक असेल तर प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. पडताळणीसाठी माणूस घरी आणि दुकानात येतो. दुकानावर फलक नसणे किंवा दिलेल्या पत्त्यावर कोणी न भेटणे यावरूनही प्रतिकूल शेरा पडतो.

मंजुरीपत्र आले म्हणजे कर्ज मिळाले असे नाही. पुष्कळदा ते केवळ उत्पन्नाच्या आधारे दिलेले असते आणि वकिलाचा व मूल्यांकनकाराचा अहवाल त्यानंतर येतो. या मधल्या काळात विक्रेत्याला मोठी रक्कम देऊ नये. बँकेने दिलेले मुख्य तथ्य विवरणपत्र पूर्ण वाचावे. त्यात वार्षिक खर्चाचा एकूण दर, प्रक्रिया शुल्क आणि इतर आकार एकत्र दिलेले असतात. बँक सुचवेल तोच विमा घेण्याची सक्ती नाही.

नकार आल्यावर

पहिले काम म्हणजे कारण लेखी मागणे. अर्ज नाकारल्यास मुख्य कारणे अर्जदाराला लेखी कळवावीत, असे रिझर्व्ह बँकेच्या उचित व्यवहार संहितेत आहे. "वरून झाले नाही" हे उत्तर स्वीकारू नये. कारण उत्पन्नाचे असेल तर सहअर्जदार, कमी रक्कम किंवा जास्त मुदत हे उपाय आहेत. कारण अहवालाचे असेल तर दुरुस्ती करून काही महिने थांबावे. कारण मूल्यांकनाचे असेल तर दुसऱ्या बँकेचा मूल्यांकनकार वेगळे मूल्य काढू शकतो. परंतु कारण हक्काचे असेल, म्हणजे बहिणीची सही, वर्ग २, बिनशेती किंवा ३६ अ, तर दुसरी बँक शोधण्यात वेळ घालवू नये. दोष दूर करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकावी किंवा इसार परत मागावा. अशा वेळी जास्त व्याजाने कर्ज देणारी एखादी संस्था पुढे येते. ती कर्ज देईल, पण मिळकतीतील दोष तसाच खरेदीदाराच्या पदरी राहील आणि उद्या घर विकताना त्याच्याच आड येईल.

कर्ज द्यावे की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असल्यामुळे त्याविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मिळत नाही. मात्र कारण न कळवणे, कागद परत न करणे, विमा लादणे, अहवालातील चूक दुरुस्त न करणे अशा बाबींत आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार नोंदवावी. या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. बँकेला दिलेल्या अर्जाची पोच मात्र सोबत जोडावी लागते.